छातीचा अंदाज

आमच्या गल्लीत पाऊस येणार की नाही हे आधी यांच्या छातीला कळतं आणि मग आभाळाला. असं मी म्हणत नाही, गल्ली म्हणते. मी त्या छातीशेजारी अर्धं आयुष्य झोपले आहे, त्यामुळे माझं तिच्याविषयीचं मत जरा वेगळं आहे. पण घरच्या माणसाचं मत गल्लीत कोण विचारतो?

हे म्हणजे आमचे यजमान. यांनी उमेदीची सगळी वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करण्यात घालवली. आधी लाकूड घासायचं, मग फवाऱ्यानं पॉलिश मारायचं. नाकाला रुमाल बांधा म्हटलं तर म्हणायचे, रुमालातून लाकडाचा वास येत नाही, आणि वास आल्याशिवाय हात चालत नाही. वर जोडीला सिगारेट होतीच. लोकांची कपाटं आरशासारखी चकाकली आणि यांची छाती बसली.

छाती तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला आणि म्हणाल्या, "हा दमा नाही. दम्याचा थोरला भाऊ म्हणा. दमा पाहुण्यासारखा येतो-जातो. हा राहायलाच येतो." फुप्फुसं नवी होणार नव्हती, जपलं तर होती तीच पुरवून वापरता येणार होती. रोज ओढायचे पंप, थोडं चालणं, आणि हवेपासून सावध राहणं. थंड कोरड्या वाऱ्यानं श्वासनळ्या आवळतात. दमट हवेत श्वास जड होतो. धूळ उडत असेल, धुकं असेल तर बाहेर पडूच नका, आणि कडक उन्हात तर अजिबात नाही.

"मग बाहेर पडायचं कधी?" यांनी विचारलं.

"उरलेल्या दिवशी, आजोबा," बाई म्हणाल्या.

आजाराचं यांना फारसं काही वाटलं नाही. आजोबा म्हटल्याचं मात्र आठवडाभर लागलं होतं.

आमची पुढची खोली गल्लीकडे आहे. खिडकीशी माझं शिवणयंत्र. मी पँटी आखूड करते, चेन बदलते, जाड झालेल्यांचे सदरे उसवून सैल करते आणि पुन्हा बारीक झाल्याच्या आनंदात आलेल्यांचे तेच सदरे घट्ट करते. कापाकापी मात्र मागच्या खोलीत, दार लावून, म्हणजे कापडाचे बारीक तंतू यांच्या नाकात जायला नकोत. यंत्राच्या पलीकडे यांची खुर्ची. निवृत्त माणसाला खिडकी मिळाली की तो गल्लीचा मुकादम होतो. हे मुकादमावर थांबले नाहीत.

झालं असं की समोरच्या घराची बाहेरची भिंत रंगवायला रंगारी आला होता. सकाळ अगदी लख्ख. हे खिडकीतून म्हणाले, "आज भिंतीला हात लावू नकोस. हवा जड झालीय. श्वास ओल्या गोधडीतून घेतोय असं वाटतंय." रंगारी हसला. तरुण माणूस, शिडीवर उभा, तो कशाला ऐकतोय. त्यानं दुपारपर्यंत भिंत गुलाबी केली, आणि दुपारनंतर असा पाऊस कोसळला की सगळा गुलाबी रंग गटारातून वाहत गेला.

मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण गल्लीनं फांदीकडे पाहिलंच नाही, कावळ्याचा सत्कार करून टाकला.

तेव्हापासून यांना नाव पडलं वेधशाळा. रंगारी कामावर निघण्याआधी खिडकीशी थांबायचा. "काका, आज बाहेरचं घेऊ की आतलं?" कोपऱ्यावरची लॉन्ड्रीवाली तिची छोटी गाडी दारात उभी करून विचारायची, "भाऊजी, चादरी गच्चीवर टाकू का?" मग हे डोळे मिटायचे, नाकानं हळू श्वास आत घ्यायचे, ओठांचा चंबू करून त्याहून हळू सोडायचे. हा व्यायाम डॉक्टरीणबाईंनी दम आवरायला शिकवलेला. पण हे तो असा करायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत कुठली तरी मोठी यंत्रं फिरताहेत. मग निकाल यायचा. "हवा टोचरी आहे, पाऊस नाही, पण वारा सुटेल, चिमटे घट्ट लाव." किंवा "हवा मऊ आहे, खुशाल रंगव."

बरेचदा खरं निघायचं, हे मी नाकारत नाही. आणि खोटं निघालं की हे म्हणायचे, पाऊस पडला, पण पलीकडच्या भागात पडला. तिथे जाऊन कोण बघतोय?

मला चेष्टेला विषय मिळाला होता. "अहो वेधशाळा, जरा उठा, खुर्चीखालचा केर काढायचाय, का त्यालाही अनुकूल हवामान लागतं?" हेही काही कमी नव्हते. "तू शिवत राहा. तुझ्या जिभेनं कापड जास्त कापलं जातं, कात्रीनं कमी." असं आमचं चालायचं. बोलता बोलता यांना मधेच श्वास घ्यायला थांबावं लागे, आणि मी तेवढ्यात पुढचं वाक्य टाकून घेई. हे म्हणायचे हा अन्याय आहे. होताच.

पण एका गोष्टीवरून खरंच वाजायचं. थंडीच्या सकाळी मफलर नाकावरून घ्या, म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट होऊन जाते, असं बाईंनी बजावलं होतं. आणि हे लोक आले की मफलर खाली ओढायचे, वर खिडकीही उघडायचे. का, तर मफलरमधून अंदाज नीट येत नाही. रुमालातून लाकडाचा वास येत नव्हता, त्याच जातीचं हे. मी खिडकी लावायची, हे उघडायचे.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," एकदा मी बोलून गेले आणि जीभ चावली. म्हण म्हणून चांगली आहे, पण काही घरांत ती बोलू नये.

त्यानंतरच्या तपासणीला मी सगळं गाऱ्हाणं बाईंपुढे मांडलं. वेधशाळेचं ऐकून त्या आधी खूप हसल्या, मग हसायच्या थांबल्या. यांना म्हणाल्या, "हवेमुळे होणारा त्रास हवा बदलली की उतरतो. पण हवा चांगली असताना दम वाढला, कफाचा रंग बदलला, पायांवर सूज आली, तर ते हवेचं नसतं. छातीत जंतू शिरलेले असतात, नाहीतर हृदयावर ताण आलेला असतो. त्याच दिवशी यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. तुमच्या छातीत शिल्लक फार थोडी आहे, आजोबा. लवकर आलात तर गोळ्यांवर भागेल. उशीर केलात तर मी काही करू शकेन असं आत्ता सांगत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही लक्ष ठेवा."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, लक्ष ठेवून करू काय? आत काय चाललंय ते या माणसानं सांगितलं तर कळणार. आणि यांनी जन्मात कधी 'मला बरं नाही' असं म्हटलेलं नाही. ताप आला तर 'आज उकडतंय.' पोट दुखलं तर 'भूक नाहीये.' कारखान्यात यंत्राखाली बोट चेंगरलं तेव्हा घरी येऊन म्हणाले, 'जरा भात कालवून दे, उजवा हात रिकामा नाही.' कशावर तरी ढकलायची यांना सवय. आणि आता तर ढकलायला अख्खं आभाळ मिळालं होतं.

मग ती सकाळ आली. आदल्या दोन-तीन दिवसांपासून हे जरा गप्प होते, पण गप्प नवरा ही काही कुठली बायको तक्रार करण्याची गोष्ट समजत नाही. शिवाय आपले रुमाल हे स्वतःच धुऊन टाकत होते. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, वळण लागलं.

रंगारी आला. त्यानं चौकातल्या दुमजली घराचं बाहेरचं काम घेतलं होतं. लॉन्ड्रीवालीही होती, तिच्या गाडीत लॉजच्या ओल्या चादरींचा ढीग. हे खुर्चीत पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. श्वास बाहेर सोडताना बारीक शिट्टी वाजत होती.

"काका, आज काय म्हणते छाती?"

यांनी मान हलवली. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. "आज... काही... टाकू नका... बाहेर. मोठा... येतोय."

रंगाऱ्यानं वर बघितलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. "मोठा म्हणजे?"

"मोठा."

यांचा दम इतका लागलेला कधी कुणी पाहिला नव्हता, तेव्हा पाऊसही तसाच येणार, असा सरळ हिशेब सगळ्यांनी केला. रंगाऱ्यानं भिंतीवर ताडपत्री बांधली आणि मजुरांना घरी पाठवलं. लॉन्ड्रीवालीनं ओल्या चादरी दुकानात पंख्याखाली अडकवल्या. बघता बघता गल्लीतल्या साऱ्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. कुणीतरी गच्चीवरच्या गाद्या आत ओढल्या, कुणी कुंड्यासुद्धा आडोशाला घेतल्या. जाता-येता लोक खिडकीशी थांबून म्हणत होते, बरं झालं काका सांगितलंत, आणि हे हात वर करून ते स्वीकारत होते, कारण बोलायला श्वास नव्हता. एक माणूस खिडकीत गुदमरत होता आणि अख्खी गल्ली त्याचे आभार मानत कपडे गोळा करत होती. आणि कपडे काढायला सगळ्यांत आधी दोरीशी कोण पोचलं असेल, तर मी.

दुपार झाली. ऊन रणरणत होतं, ढगाचा ठिपका नाही. चौकातल्या घरमालकानं रंगाऱ्याला फैलावर घेतलं असावं, कारण तो तणतणत आला. "काकू, काका कुठेत? तिकडे ताडपत्रीखाली भिंत भाजून निघाली."

हे आतल्या खाटेवर उशा रचून टेकले होते. मी दारात उभी राहून म्हटलं, "उठा वेधशाळा. गिऱ्हाईक आलंय भांडायला. सांगा त्याला, पाऊस पलीकडच्या भागात पडला म्हणून."

हे काही बोलले नाहीत.

मी वाट बघितली. असा टोमणा यांनी कधी वाया जाऊ दिला नव्हता. भर तापातही काहीतरी परत यायचंच. मी जवळ गेले. ओठ निळसर दिसत होते. डोळे माझ्याकडे होते, पण मी कोण, हे आठवायला त्यांना कष्ट पडताहेत असं वाटलं. पांघरूण सरकवलं तर पाय सुजून टम्म झालेले, घोट्यापाशी बोट लावलं तर खड्डा पडला. बाहेर इतकं सुंदर ऊन पडलं होतं, आणि ते ऊनच मला सांगत होतं की ही हवा नव्हे.

रंगाऱ्याची गाडी होती, पण तिला रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास. तो धावत लॉन्ड्रीवालीकडे गेला. ती आली ती गिऱ्हाइकांच्या इस्त्रीच्या कपड्यांसकट. तिनं मागे दाटीवाटीनं जागा केली, रंगाऱ्यानं यांना उचलून आत ठेवलं, आणि हे कुणाकुणाच्या परीटघडीच्या सदऱ्यांना टेकून इस्पितळात दाखल झाले. या माणसानं स्वतःचा सदरा कधी घडी करून ठेवला नव्हता.

इस्पितळातले पहिले दिवस मी सांगत नाही. तोंडावर मास्क, हाताला सलाईन, बोटाला चिमट्यासारखं यंत्र, आणि त्याच्यावरचा आकडा खाली आला की माझाही जीव खाली. मी खूप घाबरले होते. चेष्टा करायला समोर कुणी नसेल तर मी बोलणार कुणाशी, असा वेडा विचार सारखा मनात यायचा.

मास्क निघाल्यावर यांचा पहिला प्रश्न काय असावा? "पडला का?"

"काय?"

"पाऊस."

"नाही पडला."

हे छताकडे बघत राहिले. "रंगाऱ्याचा दिवस वाया गेला."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. कफाचा रंग कधी बदलला, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "त्याच सकाळी." मला एकदम धुतलेले रुमाल दिसले, दोरीच्या अगदी टोकाला वाळत टाकलेले. पाणी कुठे मुरत होतं ते मला आत्ता कळत होतं.

"त्याच्या आधी," मी म्हटलं. "दोन-तीन दिवस आधी. ताकास तूर लागू दिली नाही यांनी."

बाईंनी यांच्याकडे बघितलं. यांनी नजर चुकवली. बाई रागावल्या नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. त्या एवढंच म्हणाल्या, "या खेपेला निभावलं. होती ती शिल्लकही आता कमी झालीय. पुढच्या खेपेला असे दोन दिवस घालवलेत तर इथपर्यंत पोचाल की नाही, मला ठाऊक नाही."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. पाऊस येणार नव्हता हे तुम्हाला माहीत होतं."

यांनी चादरीची कड बोटांनी सारखी केली. मग म्हणाले, "पाऊस येणार म्हटलं की लोक आपापले कपडे काढायला जातात. बरं नाही म्हटलं की माझ्याकडे बघायला येतात. तू तर कशी बघतेस."

"कशी बघते?"

"आत्ता बघतेयस तशी."

मला राग आला, आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे काहीच धड जमलं नाही. मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि बाटली भरलेलीच होती.

घरी आलो. गल्ली चांगली आहे, कुणी टोचून बोललं नाही. उलट सगळे फारच जपून वागायला लागले. रंगारी खिडकीशी थांबायचा आणि "काका, बरं आहे ना?" एवढंच विचारून निघून जायचा. अंदाज तो फोनवर बघायला लागला होता. फोनचा अंदाज चुकला तर त्याला शिव्याही द्यायची सोय नव्हती, अशी त्यानं माझ्याकडे हळूच तक्रार केली. लॉन्ड्रीवाली सूप आणून द्यायची आणि चादरींचं नाव काढायची नाही. यांनी खुर्ची खिडकीपासून ओढून भिंतीशी नेली. पंप वेळेवर, मफलर नाकावर, खिडकी बंद. मी वर्षानुवर्षं जे मागत होते ते सगळं मिळालं, आणि मला ते बघवेना. टोमणा मारावा तर समोरून नुसतं "हं" यायचं. एकट्यानं भांडण्यात काय राम?

शेवटी मी खुर्ची उचलली आणि होती तिथे खिडकीशी आपटली.

"अगं, माझ्या अंदाजावर आता कोण विश्वास ठेवणार?" हे म्हणाले.

"आभाळाच्या अंदाजावर ठेवतील. मला तुमच्या छातीचा हवाय. रोज सकाळी आधी छातीचं सांगायचं, खरं खरं, मला. मग गल्लीला आभाळाचं. पहिलं नाही तर दुसरंही नाही."

हे कबूल झाले. रोज सकाळी मी विचारायची, छाती कशी आहे, आणि हे म्हणायचे, "ठीक." थंडी असो, धुकं असो, पाठीशी दोन उशा लागोत की तीन, "ठीक." सरकारी उत्तर. रंगारी आणि लॉन्ड्रीवाली पुन्हा यायला लागली, चंबू करून श्वास सोडणं पुन्हा सुरू झालं, लोक पुन्हा हसायला लागले. माझा मात्र त्या 'ठीक'वर काडीचा विश्वास नव्हता. मी यंत्र चालवता चालवता मधेच थांबायची आणि यांचा श्वास ऐकायची.

"काय झालं?" हे विचारायचे.

"दोरा तुटला."

"फार तुटतो हल्ली."

अशा तुटणाऱ्या दोऱ्यावर आमचे दिवस चालले होते. बाईंनी सांगितलेली पुढची खेप येणार हे मला माहीत होतं, यांनाही माहीत होतं. ती आली की हे तोंड उघडतील का, एवढाच प्रश्न होता, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मला उत्तर दिसत होतं.

त्या दिवशी हवा फार छान होती. ना थंड ना गरम, वारा हलका, धूळ बसलेली. बाईंनी सांगितलेल्या उरलेल्या दिवसांतला एक. रंगाऱ्याला शाळेची अख्खी बाहेरची बाजू मिळाली होती. परांची बांधून झाली होती, रंग कालवून झाला होता, मजूर येऊन बसले होते. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. तो खिडकीशी उभा होता आणि त्याच्यामागे लॉन्ड्रीवाली.

"काका, सांगा. सुरू करू?"

सकाळचं 'ठीक' मला मिळालं होतं, पण ते बोलण्याआधी यांनी क्षणभर खाली बघितलं होतं. मी यंत्र थांबवलं. दोरा तुटल्याचं सांगण्याचं भानही राहिलं नाही. यांचे हात गुडघ्यांवर होते. श्वासातली शिट्टी बारीक होती, एरवी रस्त्याच्या आवाजात ऐकूही आली नसती.

"आभाळ..." हे म्हणाले आणि थांबले.

रंगाऱ्याचा चेहरा पडला. तो मजुरांना परत पाठवायचं मनाशी ठरवू लागला, हे दिसत होतं. मी यांच्याकडे बघत होते. भरून येतंय, म्हणणार. हवा जड आहे, म्हणणार.

"आभाळात काही नाही," हे म्हणाले. "तू रंगव." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मला बरं वाटत नाहीये. कालपासून. कफ हिरवा झालाय."

रंगारी माझ्याकडे बघत होता, लॉन्ड्रीवाली यांच्याकडे, आणि हे सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन तसेच बसून राहिले. पळायला जागा नव्हती. तरी पळाले नाहीत.

"गाडी काढते," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, बोटाला यंत्र लावलं, वाफ दिली. गोळ्या लिहिल्या, दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. मग लेखणी खाली ठेवून म्हणाल्या, "आज आलात म्हणून घरी जाताय, काका." आजोबाचे काका झाले हे यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. माझ्या आलं.

परतताना लॉन्ड्रीवालीला चादरी पोचवायच्या होत्या, तेव्हा तिनं आम्हाला गल्लीच्या तोंडाशी सोडलं. वाफेनं छाती मोकळी झाली होती, हळूहळू चालत निघालो. रस्त्यानं चालताना दम लागला की हे कुठल्यातरी दुकानापुढे थांबतात आणि आत काही खास ठेवलंय असं दाखवत बघत राहतात. एकदा बायकांच्या चपलांच्या दुकानापुढे इतका वेळ उभे होते की दुकानदार माप घ्यायला बाहेर आला. मीही कधी काही म्हटलं नाही. मीही चपला बघायची.

गल्लीच्या तोंडाशी दुकान नाही. नुसती एक लांब भिंत आहे, तिच्यात बघण्यासारखं काही नाही. तिच्या मध्यावर हे थांबले. हात भिंतीला टेकला.

"दम लागला," म्हणाले. "थांब जरा."

इतक्या वर्षांत यांनी मला कधी थांब म्हटलं नव्हतं. माझ्या जिभेवर चार-पाच उत्तरं एकदम आली होती, एकाहून एक झणझणीत. ती सगळी गिळून मी यांच्या शेजारी भिंतीला टेकले, आणि यांचा श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच उभी राहिले.